सायकल खोक्यात जाईपर्यंत: डॅन्यूबकाठच्या सफरीचे शेवटचे दिवस

जर्मनीतल्या डोनाऊएशिंगेनहून डॅन्यूबच्या काठाकाठाने व्हिएन्नापर्यंत सायकलवर यायचं म्हणजे साधारण ९०० किलोमीटर. रमतगमत तीन आठवडे लागतात. मी आणि माझा धाकटा भाऊ जुलैत निघालो तेव्हा पहिल्या आठवड्याचा कागद गच्च भरलेला होता. मुक्काम कुठे, पाणी कुठे, सायकलचं दुकान कोणत्या गावात, सगळं लिहिलेलं. शेवटच्या आठवड्यापुढे एकच शब्द होता: व्हिएन्ना. त्या रिकाम्या जागेने शेवटच्या तीन दिवसांत आमची झोप उडवली.

म्हणून हा लेख फक्त शेवटाबद्दल आहे. सुरुवातीला काही चुकलं तर सावरायला पुढे दिवस असतात. शेवटी चुकलं तर पुढे विमान असतं. उदाहरणं मी ऑस्ट्रियातल्या शेवटच्या टप्प्याची देते, कारण तो रस्ता मला ठाऊक आहे आणि जर्मनीच्या सीमेवरचं पासाऊ ते व्हिएन्ना हा भाग आपल्याकडचे बरेच जण करतात. ऱ्हाइनकाठी जात असाल तरी कामांचा क्रम हाच राहील.

विमानाच्या दिवसापासून मागे मोजा

कागदावर सगळ्यात खाली विमानाची तारीख लिहा आणि तिथून वर चढत जा. त्याच्या आदल्या दिवशी सायकल बांधायची. त्याच्या आदला दिवस पूर्ण मोकळा. म्हणजे व्हिएन्नात पोहोचल्यावर दोन पूर्ण दिवस हातात हवेत. हा मोकळा दिवस शहर बघायचा म्हणून धरू नका. तो पावसाचा, पंक्चरचा, पोट बिघडण्याचा दिवस आहे. यातलं काहीच झालं नाही तर शहर आहेच.

आता तारखेसमोर वार लिहा. ही पायरी आम्ही गाळली होती. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात. किराण्याचीही बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली थोडी सोडली तर. सायकलची छोटी दुकानं तर शनिवारी दुपारीच आवरतात. १५ ऑगस्टला मेरीमातेच्या सणाची सार्वजनिक सुट्टी असते, तीही लक्षात ठेवा. आमचं विमान सोमवारी सकाळी होतं आणि आम्ही शनिवारी संध्याकाळी सहाला व्हिएन्नात शिरलो. सायकलचा खोका आणायला एकही दुकान उघडं नव्हतं. शेवटी आमच्या मुक्कामाच्या मालकीणबाईंनी तळघरातून फ्रिजचे दोन खोके काढून दिले आणि रविवारी दिवसभर ते कापून, जोडून आम्ही सायकली बसवल्या. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. पण विमान सोमवारचं असेल तर गुरुवारी पोहोचा. शुक्रवारी खोका हातात असला पाहिजे.

दुसरी मोजणी व्हिसाची. शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या) स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी असतात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्यात एकूण किती दिवस राहता येईल. तारीख पुढची दिसते म्हणून निर्धास्त राहू नका, दिवसांचा आकडा आधी संपू शकतो. पोहोचण्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस, दोन्ही मोजले जातात. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर येण्याजाण्याची नोंद संगणकावर ठेवायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे शिक्के मोजण्यातली चूक हा बचाव उरलेला नाही. प्रवास लांबायची शक्यता दिसली तर आधी विमा वाढवा. तो संपण्यापूर्वी वाढवणं सोपं असतं, संपल्यावर नाही.

शेवटचे टप्पे आखूड ठेवा

तीन आठवडे चालवल्यावर पाय इतके तयार झालेले असतात की ८०–९० किलोमीटर सहज होतील असं वाटतं. पाय तयार असतात हे खरंच आहे. हाताचे पंजे, मान आणि बैठक मात्र थकलेली असते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तळहाताच्या कडेवर फार भार पडतोय. त्या वेळी अंतर कापण्यापेक्षा हँडल थोडं वर घेणं आणि दर अर्ध्या तासाने पकड बदलणं जास्त महत्त्वाचं. बैठकीला फोड आला असेल तर एक दिवस थांबाच. फुटलेल्या फोडावर बसून पुढचे दोन दिवस चालवलं की विमानातले दहा तास काढणं कठीण जातं.

आखणी अशी करता येईल: ग्राइन ते मेल्क सुमारे ५० किलोमीटर, मेल्क ते क्रेम्स ४० च्या आत, क्रेम्स ते टुल्न ४५, टुल्न ते व्हिएन्ना ४०. चार दिवस, एकही दिवस मोठा नाही. उन्हाळ्यात तिकडेही पारा ३५ च्या वर जातो आणि क्रेम्सनंतरच्या सपाटीवर सावली फार कमी आहे. आपण नाशिक-पुण्याच्या उन्हातले, आपल्याला काय होतंय, असा विचार करू नका. आपल्याकडे त्या उन्हात भर दुपारी आपण पाच तास सायकल मारत नाही. सकाळी सहाला निघा, बाराला थांबा. जुलैत अंधार पडायला नऊ वाजतात, त्यामुळे उरलेलं अंतर संध्याकाळी पाचनंतरही होतं. फक्त दमट दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, तेव्हा पश्चिमेकडच्या आभाळावर नजर असू द्या.

मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊचा पट्टा. इथे घाई करणाऱ्याची मला खरंच कीव येते. दोन्ही बाजूंना द्राक्षमळ्यांच्या दगडी पायऱ्या, मधून नदी. २००० साली हा सगळा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत गेला. माझा सल्ला असा: मेल्कहून दक्षिण काठाने निघा, कारण तिथे वाहतूक कमी. आर्न्सडॉर्फला नावेवर चढा आणि पलीकडे श्पिट्झला उतरा. ही नाव बघण्यासारखी आहे. तिला पुढे ढकलणारं इंजिन नाही. नदीवर आडवी तार ताणलेली आहे, नाव त्या तारेला बांधलेली. नावाडी तिला प्रवाहाशी किंचित तिरकी धरतो आणि पाण्याचा जोरच तिला पलीकडे नेतो. आम्ही सायकली कठड्याला टेकवून उभे होतो. नाव हलली तेव्हा कसलाच आवाज झाला नाही, फक्त तळाखालून पाणी सरकल्याचा. भाऊ तीन आठवड्यांत पहिल्यांदा दहा मिनिटं गप्प होता.

श्पिट्झपासून उत्तर काठ धरा. वायसनकिर्शेन, मग ड्युर्नश्टाइन. इंग्लंडचा राजा रिचर्ड याला ११९२ च्या डिसेंबरात पकडून ज्या गढीत ठेवलं होतं तिचे अवशेष गावाच्या डोक्यावर दिसतात. जुलैच्या मध्याला रस्त्याकडेला जर्दाळूच्या टपऱ्या लागतात. आपण सुके जर्दाळू खातो, ओले फळ हाताला कोमट लागतं आणि बोटाने दाबलं की दोन भागांत सुटतं. अर्धा किलो घ्या, पण पॅनिअरमध्ये, म्हणजे चाकाच्या बाजूला लटकणाऱ्या पिशवीत, कोंबू नका, हँडलच्या पिशवीत वर ठेवा. वाइनची घरगुती दुकानंही वाटेत आहेत. ऑस्ट्रियात सायकलवाल्यालाही दारूची मर्यादा आहे, रक्तात दर हजारी ०.८, आणि दंड जबर बसतो. घ्यायचीच तर मुक्कामावर पोहोचल्यावर घ्या.

क्रेम्स ते टुल्न हा टप्पा लोक कंटाळवाणा म्हणतात. मला तो तसा वाटला नाही, कारण वाट त्स्वेंटेनडॉर्फच्या अणुवीज केंद्राला लागून जाते. केंद्र पूर्ण बांधून झालं आणि ५ नोव्हेंबर १९७८ ला देशभर मतदान घेतलं, तेव्हा ५०.५ टक्के लोकांनी नको म्हटलं. ते कधीच सुरू झालं नाही. करड्या भिंतीखाली सायकल उभी करून पाणी पिताना जैतापूरची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

टुल्नहून शेवटच्या दिवशी दक्षिण काठाने ग्राइफेनश्टाइन, क्लोस्टरनॉयबुर्ग आणि मग नुसडॉर्फ. इथून डॅन्यूबच्या कालव्याची वाट तुम्हाला गाडीरस्त्यावर न येता शहराच्या मध्यापर्यंत नेते. शहरात शिरताना सकाळची दहा-अकराची वेळ धरा. संध्याकाळी त्याच वाटेवर धावणारे, कुत्री फिरवणारे आणि घरी परतणारे सायकलवाले यांची दाटी असते. लादलेली सायकल त्या गर्दीत पटकन थांबत नाही.

रेल्वेचा आधार ठाऊक असू द्या

पाऊस लागला, गुडघा दुखला, नदीला पूर आला, तरी अडकायचं कारण नाही. क्रेम्स आणि टुल्न दोन्हीकडून व्हिएन्नाच्या फ्रान्झ-योसेफ स्टेशनला थेट गाड्या आहेत, क्रेम्सहून साधारण तासाभराच्या. सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं. डब्यावर सायकलचं चित्र असेल तिथेच चढा आणि पॅनिअर फलाटावरच उतरवून ठेवा. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी सायकलींच्या जागा भरतात, म्हणून शक्यतो सकाळची गाडी धरा. मेल्क-क्रेम्स दरम्यान बोटही सायकली घेते. ‘ऊमलायटुंग’ अशी पाटी दिसली तर पुढची वाट बंद आहे आणि वळण घ्यायचं आहे. पाण्याजवळच्या भागात ही पाटी ओलांडून पुढे जायचं धाडस करू नका.

रेल्वेत बसलो तर सफर अपुरी राहिली, असं काही जणांना वाटतं. ९०० पैकी ४० किलोमीटर गाडीने गेल्याने काहीही अपुरं राहत नाही.

ओझं रिकामं करायला लागा

हे काम चार दिवस आधी सुरू करा. रोज संध्याकाळी एक पॅनिअर पूर्ण उलटा आणि बघा.

स्वयंपाकाचा गॅस विमानात कुठेच चालत नाही, ना हातात ना खालच्या सामानात, आणि अर्धवट भरलेला डबा कचऱ्यात टाकणंही धोक्याचं. तंबू लावायच्या बऱ्याच तळांवर प्रवासी नको असलेल्या वस्तू ठेवतात असा एक कोपरा असतो, तिथे ठेवा किंवा शेजारच्या तंबूला विचारा. हवा भरायची छोटी गॅसची नळकांडी, लायटर, चेनचं फवाऱ्याचं तेल, हेही इथेच सोडा. चुलीचा बर्नर मात्र धुऊन, वास जाईपर्यंत वाळवून न्यायचा.

तंबू व्हिएन्नात पोहोचण्यापूर्वी कडक वाळलेला हवा. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-पुण्यात पोहोचल्यावर तो वाळायचा कुठे? शेवटच्या तळावर सकाळी निघायची घाई न करता त्याला दहा वाजेपर्यंत ऊन दाखवा. व्हिएन्नातले दोन-तीन दिवस तंबूत न राहता खोली घ्या, तीही तळमजल्यावरची किंवा आवार असलेली. सायकल उघडायला जागा लागते, आणि बांधलेला खोका तिसऱ्या मजल्यावरून खाली आणताना हात राहत नाहीत.

प्लास्टिकच्या बाटल्या आणि पेयांचे डबे फेकू नका. जानेवारी २०२५ पासून ऑस्ट्रियात प्रत्येकी २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात टाकले की परत मिळते. सुटी नाणी इथेच संपवा, आपल्याकडे चलन बदलून देणारे नाणी घेत नाहीत.

आणि घरून निघतानाच एक गोष्ट सोबत ठेवा: ती चौकड्याची, चेनवाली, हलकी पिशवी, जी आपल्याकडे कुठल्याही बाजारात मिळते. घडी केली की रुमालाएवढी होते. चार सुट्या पॅनिअरऐवजी एकच नग चेक-इन करता येतो.

खोका

दुकानात जाऊन ‘फारराडकार्टोन’ म्हणा, म्हणजे सायकलचा पुठ्ठ्याचा खोका. नव्या सायकली त्यातच येतात आणि दुकानदार खोके एरवी रद्दीत टाकतात, त्यामुळे फुकट किंवा किरकोळ पैशात मिळतात. पण रद्दीची गाडी गेलेली असेल तर त्या दिवशी एकही नसतो. म्हणून क्रेम्सहूनच व्हिएन्नातल्या दोन दुकानांना फोन करा किंवा निरोप लिहा आणि खोका राखून ठेवायला सांगा. रोड सायकलचा खोका घेऊ नका, कॅरिअर आणि मडगार्डसकट आपली सायकल त्यात मावत नाही. मोठ्या चाकाच्या माउंटन सायकलचा किंवा बॅटरीच्या सायकलचा मागा. बुडबुड्यांचं प्लास्टिक आणि फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात, अडकवायचा प्लास्टिकचा आडवा तुकडाही तिथेच मागा. त्यांच्याकडे तो ढिगाने असतो.

आता बांधणी. आधी सायकल पुसून कोरडी करा आणि चारी बाजूंनी फोटो काढा. सीटच्या दांडीवर उंचीच्या खुणेला चिकटपट्टीचं एक वळण द्या. हँडलच्या कोनाचीही खूण करा.

पहिल्यांदा पेडल काढायचे, तेही चाकं जागेवर असतानाच, म्हणजे सायकल स्थिर राहते. १५ मिलिमीटरचा पाना किंवा ॲलन की (षटकोनी किल्ली) लागते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायची सोपी रीत: पाना वरच्या दिशेला उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ढकला. दोन्ही बाजूंना असंच केलं की दोन्ही पेडल सुटतात. तीन आठवड्यांच्या पावसापाण्याने ते घट्ट बसलेले असतात, म्हणून हे काम एक दिवस आधी करून बघा. सुटले नाहीत तर दुकान उघडं असेपर्यंत तुमच्याकडे वेळ असेल.

मग सीट दांडीसकट बाहेर. हँडलच्या पुढच्या पट्टीचे स्क्रू काढून हँडल मोकळं करा, वायरी न ताणता ते फ्रेमला समांतर बांधा आणि स्क्रू लगेच आपल्या जागी परत फिरवून ठेवा. पुढचं चाक काढा, फोर्कमध्ये तो आडवा तुकडा बसवा. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठा सरकवा, नाहीतर कोणी चुकून ब्रेक दाबला की पॅड चिकटून बसतात. हवा अर्धी ठेवा. पूर्ण काढू नका, थोडी हवा रिमला धक्क्यापासून सांभाळते.

आता मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग. फ्रिजच्या खोक्यात सायकल बसवताना रविवारी रात्री अकराला मी तो तसाच राहू दिला. घरी खोका उघडला तेव्हा डिरेलर ज्या छोट्या धातूच्या कानाला लटकतो तो आत वाकलेला होता. तसला कान पुण्यात शोधायला मला दीड महिना लागला. खरं तर काम पाच मिनिटांचं आहे: ५ ची ॲलन की लावून डिरेलर फ्रेमपासून सोडवा, वायर आणि चेन तशीच राहू द्या, बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून मागच्या त्रिकोणाच्या आत बांधा.

पुढचं चाक फ्रेमच्या डाव्या बाजूला, मध्ये पुठ्ठा घालून बांधा. अॅक्सल (चाकाचा आस), पेडल आणि सुटे स्क्रू एका पिशवीत भरून ती पिशवी फ्रेमलाच बांधायची, खोक्यात मोकळी सोडायची नाही. खोक्याला भोक पडलं की पहिल्यांदा हेच बाहेर पडतं. झोपायची पिशवी आणि कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून मोकळ्या जागी भरा, पण विमान कंपनी खोक्यात इतर सामान चालवते का ते आधी वाचून घ्या. लादायची सायकल १५ किलोच्या आसपास, खोका तीन-चार किलो, आणि बऱ्याच कंपन्यांची मर्यादा २३. शिल्लक फार नाही.

तळाला चिकटपट्टीचे तीन थर द्या आणि तळाच्या कडा खालून वर अशा पट्ट्यांनी गुंडाळा. मुंबईत पावसात सामान उतरताना खोका ओल्या जमिनीवर ठेवला जातो, आणि भिजलेला तळ तिथेच फाटतो. दोन बाजूंना नाव, फोन, विमानाचा क्रमांक आणि वरच्या दिशेचा बाण लिहा.

ज्यांनी पासाऊला सायकल भाड्याने घेतली आणि व्हिएन्नात परत करायची आहे त्यांना यातलं काहीच नको. दुकान बंद व्हायची वेळ विचारून ठेवा, आणि परत देताना सायकलचा फोटो काढा.

विमानतळ आणि घर

सायकल नेणार हे तिकीट काढतानाच कंपनीला कळवलेलं असायला हवं, आणि त्याची लेखी पोच फोनमध्ये उघडून ठेवा. टॅक्सी आदल्या दिवशी सांगा आणि मोठी, मागे जागा असलेली गाडी हवी हे खोक्याच्या मापासह सांगा. विमानतळ श्वेशाटला, शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवर आहे. तीन तास आधी पोहोचा. खोका आधी नेहमीच्या काउंटरवर दाखवून चिठ्ठी लावून घ्यायची आणि मग ‘श्पेरगेपेक’ लिहिलेल्या मोठ्या सामानाच्या जागी द्यायचा. तपासणीत तो उघडायला सांगू शकतात, तेव्हा उरलेली चिकटपट्टी तोवर हातात ठेवा. पॉवर बँक हातातल्या सामानात, पाने-पकडी खालच्या.

मुंबईला उतरल्यावर खोका पट्ट्यावर न येता बाजूला आणून ठेवतात. बाहेर पडण्यापूर्वी चारी कोपरे बघा. फाटलेला, चेपलेला दिसला तर तिथेच काउंटरवर लेखी तक्रार द्या आणि प्रत घ्या. घरी उघडल्यावर नुकसान कळलं तर सामान मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी कळवावं लागतं. म्हणून कितीही दमला असाल तरी खोका त्याच रात्री उघडा. ओल्या पुठ्ठ्यात चेन दोन दिवसांत गंजते.

जोडताना पेडल बोटांनी फिरवून आटे बसल्याची खात्री करा, मगच पाना लावा. हँडलचे स्क्रू चारही थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर पेडल, हँडल आणि कॅरिअरचे स्क्रू पुन्हा एकदा तपासा. माझ्या कॅरिअरचा डावा स्क्रू सिंहगड रस्त्यावर तिसऱ्या दिवशी गळून पडला होता.